तिसऱ्या घंटेआधी

बाबांना घेऊन मी ‘पुरुष’ लिहिलेल्या दारासमोर उभी होते. दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी, आमच्या गावच्या नाट्यमहोत्सवाची दुसरी रात्र. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, म्हणजे आमच्या अंत्रुज महालात, नाटक न होणारं गाव शोधावं लागेल. देवळाच्या काल्याला नाटक होतंच, त्याशिवाय आमच्या मंडळाचा तीन रात्रींचा महोत्सव असतो. शाळेच्या मैदानावर मांडव पडतो आणि रोज सहाशेच्या आसपास माणसं येतात.

बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन तेव्हा वर्ष झालं होतं. उजवा हात गेलेला, उजवा पाय ओढत चार पावलं टाकतात, लांब जायचं तर चाकांची खुर्ची. लेंग्याची नाडी एका हाताने सुटत नाही. घरी आई किंवा मी सोडते. त्या रात्री आई घरी होती. पुरुषांच्या केबिनकडे जायला पत्र्यांची अरुंद बोळ होती आणि तिच्या एका बाजूला मुताऱ्या. मी आत पाय ठेवला तसे दोघेतिघे चपापून वळले, एकाने तर मला हाकललंच. बायकांच्या बाजूला चाळीसेक जणींची रांग. तिथे बाबांना नेणं शक्य नव्हतं आणि त्यांनाही ते मान्य झालं नसतं. आम्ही घरी आलो. वाटेत बाबांचा लेंगा ओला झाला. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या रात्री नाटकाला यायला तयार झाले नाहीत. तरुणपणी ह्याच मैदानावर त्यांनी नऊ वर्षं स्त्रीभूमिका केल्या होत्या.

त्या महोत्सवानंतरच्या हिशेबाच्या बैठकीत मी हा विषय काढला. मी मंडळाची खजिनदार, म्हणून मंडप, वीज, संडास ही सगळी बिलं माझ्या हातून जातात. पुढच्या वर्षीच्या शौचालयांचं काम माझ्याकडे द्या, म्हटलं. कुणाचीच हरकत नव्हती, कारण ते काम कुणालाच नको असतं.

आधी मी हिशेब मांडला. त्या वर्षी चार केबिन बायकांच्या, चार पुरुषांच्या आणि सहा मुताऱ्या होत्या. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. साडी सावरून आत जाणं, बसणं, पाणी ओतणं, बाहेर येणं ह्याला एका बाईला अडीच मिनिटं तरी लागतात. मी घरी घड्याळ लावून पाहिलं. म्हणजे एका केबिनमधून पंधरा मिनिटांत सहा जणी, चार केबिनमधून चोवीस. प्रेक्षकांत बायका तीनशे. बाकीच्या रांगेत असतानाच तिसरी घंटा होते, पडदा उघडतो आणि पुढच्या रांगांतल्या खुर्च्या रिकाम्या राहतात. नट बिचारे समजतात, नाटक पडलं. त्याच वेळी पुरुषांच्या चार केबिनपैकी तीन मोकळ्या असायच्या, कारण पुरुषांचं काम मुताऱ्यांवर भागतं.

सार्वजनिक शौचालयांसाठी केंद्र सरकारचे जे निकष आहेत, त्यांत पुरुषांना शंभरामागे एक संडास धरतात, बायकांना दोनशेपर्यंत शंभरामागे दोन आणि पुढे प्रत्येक शंभराला आणखी एक. हा निकष कायमच्या शौचालयांचा, तरी आमच्या तीनशे बायकांना लावला तर पाच होतात. आमच्याकडे चार होते. ‘दोन्हीकडे सारखे’ ठेवले की न्याय झाला असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ साली रांगांचं गणित मांडून दाखवलं, की संडास सगळ्यांसाठी खुले केले आणि मुताऱ्या तशाच ठेवल्या, तर सहा मिनिटांहून जास्त थांबणाऱ्या बायकांना दीड मिनिटाच्या आत जागा मिळते. पुरुषांचा वेळ थोडा वाढतो, पण एका मिनिटाच्या आसपासच राहतो. आमच्या मैदानावर मला जे दिसत होतं त्याला ह्या गणिताने आधार मिळाला. तोवर माझ्या डोळ्यांसमोर बाबा होते, आणि त्यांच्यासारखे दुसऱ्याच्या हातावर असलेले.

तिसरी गोष्ट मला सांगितली ती आमच्या वेशभूषा सांभाळणाऱ्या मुलीने. ती ट्रान्स आहे, म्हणजे जन्मली तेव्हा तिला मुलगा धरलं होतं. गावातच वाढली, शिवणकाम शिकली, आता आमच्या सगळ्या नाटकांचे शालू आणि अंगरखे तिच्या मशीनवर होतात. बैठकीनंतर ती माझ्याबरोबर चालत आली आणि म्हणाली, “ताई, प्रयोगाच्या दिवशी मी दुपारी बारानंतर पाणी पीत नाही. रात्री दीडला घरी गेल्यावरच पिते.” सात वर्षं ती आमच्याबरोबर आहे. सात वर्षं मी तिला विंगेत चहाचा कप द्यायची आणि ती तो कुणाला तरी पुढे करायची. मला वाटायचं, तिला चहा आवडत नसेल.

परवानग्यांचं काम नोव्हेंबरमध्ये सुरू केलं. पंचायतीचा ना हरकत दाखला, पोलीस, ध्वनिक्षेपकासाठी उपजिल्हाधिकारी कार्यालय, अग्निशमन दल, प्राथमिक आरोग्य केंद्र. नाटकवाल्यांना ही फेरी पाठ असते, तिच्यात नवीन काही नव्हतं. नवीन होतं ते पंचायतीच्या अर्जातल्या एका ओळीपुरतं. ‘शौचालयांची व्यवस्था’ ह्याच्यापुढे दोन रकाने: पुरुष, महिला. मी महिलांमध्ये तीन लिहिले, पुरुषांमध्ये मुताऱ्या सहा, आणि कडेच्या मोकळ्या जागेत पेनने तिसरा रकाना आखून लिहिलं, ‘सर्वांसाठी: सहा’.

पंचायत सचिव सज्जन माणूस. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. “बायकांची सोय वेगळी पाहिजे असं कायद्यात आहे ना?” मी म्हटलं, बायकांचे तीन वेगळे ठेवलेच आहेत. तरी त्यांची शंका योग्य होती, आणि उत्तर कागदावर दिल्याशिवाय त्यांना सही करणं जड जाणार हेही मला कळत होतं. आठवडाभर मी वाचत बसले. स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळी बंदिस्त सोय करा असं स्पष्ट म्हणणारा जो कायदा सगळ्यांच्या बोलण्यात येतो तो कारखान्यांचा, १९४८ चा, आणि तो कारखान्यांतल्या कामगारांपुरता होता. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘नालसा’च्या, खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १५ एप्रिल २०१४ चा. त्यात तृतीयपंथी व्यक्तींसाठी वेगळी सार्वजनिक शौचालयं आणि इतर सोयी करा असा आदेश सरकारांना आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये स्वच्छ भारतच्या ग्रामीण विभागाने काढलेल्या सूचनांमध्ये म्हटलंय, की त्यांना स्त्रियांचं किंवा पुरुषांचं, हवं ते सार्वजनिक शौचालय वापरू द्यावं. मग २०१९ चा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा, १० जानेवारी २०२० पासून लागू. त्याचं तिसरं कलम सांगतं की सर्वसामान्यांसाठी असलेली कुठलीही सोय वापरताना त्यांच्याशी भेदभाव करता येणार नाही. त्याच कायद्याच्या २०२० च्या नियमांत आस्थापनांनी करायच्या सोयींत स्त्री-पुरुष दोघांनाही चालणाऱ्या शौचालयाचा उल्लेख आहे. तीन रात्रींच्या मांडवात किती केबिनवर कुठली पाटी लावायची, हे ह्यांतल्या एकाही कागदाने सांगितलेलं नव्हतं. ते आम्ही ठरवायचं होतं.

हे सगळं दीड पानात लिहून मी अर्जाला जोडलं. सरपंचबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, “तुझे बाबा येणार ना यंदा?” सही झाली.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंना पाट्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी विचारलं ते असं: पाणी किती, साबण कुठे, मैला कुठे जाणार, सर्वांत जवळची विहीर किती लांब? शेवटच्या प्रश्नावर मी अडले. शाळेच्या कुंपणापलीकडे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आहे आणि त्यात पिण्याच्या पाण्याची विहीर. मागच्या वर्षांत कंत्राटदार केबिनच्या मागे खड्डा खणून त्यात पाइप सोडायचा. आमची जमीन चिऱ्याच्या दगडाची. चिरा सच्छिद्र असतो, त्यातून पाणी भराभर खाली झिरपतं. सहाशे माणसांचं, तीन रात्रींचं सगळं आम्ही त्या विहिरीच्या वाटेवर सोडत आलो होतो. ह्याची मला आजही लाज वाटते. यंदा खड्डा नको, बंद टाकी हवी असं ठरलं. रोज पहाटे टँकरने ती रिकामी करायची आणि मैला प्रक्रिया केंद्रावर पोचल्याची पावती आणायची. टाकी साफ करायला माणूस आत उतरवायचा नाही, यंत्रानेच उपसायची, हेही कंत्राटात लिहून घेतलं. माणसाकडून मैला साफ करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण कागदावर लिहून घेतलं नाही तर पहाटे चार वाजता कुणाला तरी ‘जरा उतर रे’ म्हटलं जातं.

कचऱ्याचंही तसंच. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांप्रमाणे शंभरावर माणसांचा कार्यक्रम असेल तर स्थानिक संस्थेला कामाचे तीन दिवस आधी कळवावं लागायचं, आणि कचरा वेगळा करून देणं आयोजकाची जबाबदारी होती. आम्ही प्रत्येक केबिनमध्ये झाकणाची बादली आणि कागदात गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं ठेवायची ठरवली. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. आधी बादल्या फक्त बायकांच्या केबिनमध्ये असायच्या. बाबांसारख्या माणसांना डायपर लागतं आणि तेही कुठेतरी टाकावं लागतं.

खरी परीक्षा जानेवारीतल्या महिला मंडळाच्या बैठकीत झाली. सतरंजीवर तीसेक बायका, मधे चहाची किटली, आणि मी हातात कागदाचा नकाशा धरलेली. मी अर्धं सांगते न सांगते तोच एक मावशी म्हणाल्या, “पुरुष जाऊन आल्यावर बसायची जागा ओली असते. आम्ही त्यावर बसायचं?” दुसरी म्हणाली, महोत्सवाला पिऊन येणारे असतात, त्यांच्यातला एखादा बाजूच्या केबिनमध्ये असला तर? एका कॉलेजच्या मुलीने मोबाइलचं विचारलं. पत्र्याच्या वरून, खालच्या फटीतून कुणी फोन धरला तर?

मी उत्तरं द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. ह्या भीतींना ‘विचार बदला’ म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. मी स्वतः रात्रीच्या बसस्थानकावर कितीदा संडास टाळला आहे. म्हणून मी त्यांना विचारलं, की कशी केबिन असली तर तुम्ही जाल? पुढचा तास त्यांनी जे सांगितलं ते मी लिहून घेतलं. आमच्या व्यवस्थेचा आराखडा त्या कागदावरूनच तयार झाला.

दार जमिनीपासून छतापर्यंत, वर-खाली फट नको. आतली कडी घट्ट, हलवली तरी न निघणारी. आत दिवा. पिशवी टांगायला खुंटी, नाहीतर पर्स दातांत धरावी लागते. बोळ नको; प्रत्येक केबिनचं दार थेट मोकळ्या, उजेडाच्या जागेत उघडलं पाहिजे, चारचौघांच्या नजरेसमोर. हात धुवायची जागा आणि आरसा बाहेर. मुताऱ्या वेगळ्या, आडोशाला आणि जवळच, म्हणजे उभ्याने जाणारा केबिन ओली करायला येणार नाही. दर दहा मिनिटांनी आत पाहून पुसणारं माणूस, एक बाई आणि एक पुरुष. आणि ज्यांना बायकांचीच केबिन हवी त्यांच्यासाठी तीन राहतीलच, त्यांना हात लावायचा नाही.

शेवटची अट मला आधीपासून मान्य होती. सर्वांसाठीची सोय बायकांच्या वाट्यातून काढली असती तर त्या मावशींनी मैदानात पाऊल टाकलं नसतं. आमच्या आराखड्यात बायकांना चारऐवजी नऊ दारं मिळत होती: तीन त्यांची, सहा सर्वांसाठीची. पुरुषांच्या चार केबिन गेल्या म्हणून मंडळात एक-दोघांनी कुरकुर केली, पण त्या रिकाम्या असायच्या हे त्यांनाही माहीत होतं. मध्यंतर वीस मिनिटांचं केलं. नऊ केबिन, प्रत्येकी आठ फेऱ्या, म्हणजे बहात्तर. एवढ्यात भागेल असं वाटलं.

बैठक उठताना सर्वांत वयस्क आजी म्हणाल्या, “लग्नाघरी एकाच न्हाणीत सगळे जातात. तिथे कोण पाटी वाचतो?”

पाट्यांवरून मात्र आम्ही दोन आठवडे बोलत राहिलो. एका सदस्याने चांगल्या मनाने सुचवलं, की एका केबिनवर ‘तृतीयपंथी’ अशी पाटी लावू, न्यायालयाने सांगितलंयच. आमची वेशभूषावाली खाली बघून फॉल टाचत होती. ती म्हणाली, “मग त्या दारातून मी आत जाताना सगळा गाव बघणार. जो माणूस गावात कुणाला सांगितल्याशिवाय जगतोय, त्याने काय करायचं?” पुढे कुणी बोललं नाही. मोठ्या शहरात, रेल्वे स्टेशनवर कदाचित वेगळी पाटी उपयोगी पडत असेल, तिथे माणूस गर्दीत हरवतो. सहाशे माणसांत, जिथे प्रत्येकाला प्रत्येकाच्या आजोबांचं नाव माहीत असतं, तिथे ती पाटी म्हणजे दवंडी.

मग शब्द कुठला? ‘लिंगनिरपेक्ष’ असं एकाने लिहून आणलं. शब्द व्याकरणाने बरोबर आहे, पण लघवीची घाई झालेल्या माणसाने तो वाचेपर्यंत काय व्हायचं ते होऊन जाईल. ‘उभयलिंगी’ तर अर्थानेच चुकीचा. ‘प्रसाधनगृह’ म्हटलं की आमच्या मंडळींना रंगपट, म्हणजे नटांची रंगायची खोली, आठवतो. ‘स्वच्छतागृह’ सभ्य आहे, पण त्यात मुतारी आहे की संडास ते कळत नाही. शेवटी ज्या रंगाऱ्याने आमचे पडदे रंगवले त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, माणसाचं चित्र कशाला काढता, आत जे आहे त्याचं काढा. त्याने पांढऱ्या फळीवर निळ्या रंगात कमोड काढला, दुसऱ्या फळीवर देशी बैठक, तिसरीवर चाकांची खुर्ची आणि कमोड. खाली एकच शब्द: ‘सगळ्यांसाठी’. कोंकणीत ‘सगळ्यांखातीर’. मुताऱ्यांवर मुतारीचं चित्र. तीन केबिनवर ‘बायका’. ह्या पाट्यांवर मी फार खूश होते. अजूनही आहे.

कंत्राटदाराशी व्यवहार करताना माझा बराच संताप झाला. ‘फट नसलेली’ असं फोनवर कबूल करून त्याने दाखवायला आणलेल्या केबिनच्या दाराखाली वीतभर मोकळं होतं. हवा खेळायला पाहिजे, म्हणाला. हवेसाठी वरती, डोक्याच्या वर, जाळी लावता येते. ते सुताराकडून आम्हीच करून घेतलं, खाली फळ्या ठोकल्या. कड्याही आम्ही विकत आणल्या: मोठ्या दांड्याच्या, बाहेरून नाणं घालून उघडता येणाऱ्या. आत कुणी चक्कर येऊन पडलं तर दार तोडावं लागू नये.

खुर्चीवाल्यांसाठीच्या केबिनला सर्वांत जास्त वेळ गेला. उताराचा नियम एकास बारा: एक हात चढायचं तर बारा हात लांब उतार. कंत्राटदाराच्या केबिनचा तळ जमिनीपासून ४५ सेंटिमीटर, म्हणजे उतार ५ मीटर ४० सेंटिमीटरचा हवा. त्याने दीड मीटरची फळी दाखवली. त्यावरून खुर्ची चढवायला दोन पैलवान लागले असते, आणि उतरताना खुर्चीसकट माणूस खाली. शेवटी दुसऱ्या तालुक्यातून बसक्या तळाची केबिन मिळवली, १५ सेंटिमीटरची. १ मीटर ८० सेंटिमीटरच्या उतारात काम झालं. दार ९० सेंटिमीटर रुंद, आत खुर्ची वळवायला दीड मीटरचा मोकळा घेर, कमोडच्या दोन्ही बाजूंना नळाचे आडवे दांडे. बाबांना डाव्या हाताने धरायला डावीकडचा दांडा लागतो, दुसऱ्या कुणाला उजवीकडचा. हे कुठल्या पुस्तकात वाचण्याआधी मला घरच्या न्हाणीत कळलं होतं. पणजीत २०२३ च्या जानेवारीत अपंग व्यक्तींसाठीचा पहिला पर्पल फेस्ट झाला, तेव्हा बाबा धडधाकट होते आणि मी त्याची बातमी वाचून पान उलटलं होतं.

महोत्सवाची पहिली रात्र. अनाउन्सरने नाटकाआधी सांगितलं, चित्रं बघा, आत जे आहे तेच बाहेर काढलंय. तरीही मध्यंतरात एक आजोबा केबिनसमोर थबकले. “हें बायलांचें काय दादल्यांचें?” सफाईची जबाबदारी घेतलेल्या बाईंनी उत्तर दिलं, “चित्र पळयात. भितर कमोड आसा, इतलेंच.” आजोबा आत गेले. बायकांपैकी निम्म्या आपल्या तीन केबिनपुढेच रांग लावून उभ्या राहिल्या आणि सर्वांसाठीच्या दोन मोकळ्या होत्या. मला वाईट वाटलं, पण मी कुणाला ढकललं नाही. एक बाप चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आला आणि सरळ आत गेला. त्याच्या मागून एक तरुण बाई सासूला धरून. मग बैठकीतल्या त्या कॉलेजच्या मुलीने दार उघडून वर-खाली पाहिलं, कडी ओढून बघितली आणि मैत्रिणींना हाक मारली. तिच्या मागोमाग रांग हलली.

दुसऱ्या रात्री चूक झाली आणि ती माझी होती. मध्यंतराच्या मधोमध वीज गेली. रंगमंचाचा जनरेटर सेकंदात सुरू झाला, पण शौचालयांची लाइन त्याला जोडायची राहिली होती. सात मिनिटं काळोख. केबिनमधून बायकांच्या हाका, एक लहान मूल मोठ्याने रडायला लागलेलं. ज्या उजेडाच्या वचनावर त्या आल्या होत्या तोच गेला. मोबाइलचे दिवे लावून आम्ही प्रत्येकीला बाहेर आणलं. त्या मावशी माझ्याकडे बघून काही बोलल्या नाहीत, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइन जनरेटरवर घेतली, शिवाय प्रत्येक केबिनमध्ये बॅटरीचा, आपोआप लागणारा दिवा बसवला. असा महोत्सव करणाऱ्या कुणालाही मी हे आधी सांगेन, बाकीचं सगळं नंतर.

सफाईच्या दोघांना त्या रात्रीपासून आम्ही तिसरा माणूस दिला आणि त्यांची मजुरी नटांच्या मानधनाच्या आधी चुकती केली. हातमोजे, बूट, बसायला खुर्ची, मध्यंतरानंतर गरम जेवण. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात ही रक्कम पहिल्या ओळीत असेल.

तिसऱ्या रात्री त्या मावशी आल्या. सर्वांसाठीच्या केबिनपाशी गेल्या, आतला बॅटरीचा दिवा हाताने हलवून पाहिला आणि दार लावून घेतलं. तिसरी घंटा झाली तेव्हा मी मांडवाच्या कडेला उभी राहून पुढच्या चार रांगा मोजल्या. दोन खुर्च्या रिकाम्या. विंगेत आमची वेशभूषावाली पोलक्याचा हूक लावत होती आणि तिच्या बाजूच्या पेटीवर अर्धा संपलेला चहाचा कप होता.

बाबा पहिल्या दोन रात्री आले नव्हते. तिसऱ्या रात्री कसेबसे तयार झाले, कमरेला इलॅस्टिकची पँट घालून, मागच्या रांगेत, कडेच्या जागी. मध्यंतरात त्यांनी मान हलवून नको म्हटलं. तिसरा अंक रंगात आला असताना त्यांनी माझ्या हाताला हात लावला. मी खुर्ची फिरवली. मैदान रिकामं होतं, केबिनसमोर दिवा, खाली रांगेने निळ्या चित्रांच्या फळ्या. उतारावरून खुर्ची एका दमात वर गेली. आत गेल्यावर मी नेहमीप्रमाणे मागून दार लोटायला लागले, तर बाबांनी डावा हात वर केला.

“तू बाहेर थांब.”

दांडा धरून ते उभे राहिलेले मी पाहिले आणि बाहेर आले. रंगमंचावरून नायिकेचं वाक्य ऐकू येत होतं. आतून थोडी खडखड झाली, एकदा, मग पुन्हा. दांड्याची मोठी कडी डाव्या हाताने सरकवायला त्यांना वेळ लागत होता. मग ती लागली.